रात्रीची खोली, महिन्याची खोली आणि आमच्या पेठा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका,
आणि पेठांमधले माझे घरमालक भाऊ-बहीण

सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेत, खासबाग मैदानापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं राहतो, वर माडीवर दोन खोल्या, एक मोरी आणि गॅलरी. जिना बाहेरून आहे, त्यामुळं माडी भाड्यानं द्यायला सोयीची. या दोन खोल्यांबद्दल आणि पेठांमधल्या अशाच शेकडो खोल्यांबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

2025 च्या सप्टेंबरातली गोष्ट. नवरात्राला दोन आठवडे होते. दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर घडी घातलेला काळा कोट. सावंतवाडीची, नुकतीच वकिली सुरू केलेली. 18 ऑगस्टला इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि तिच्या वरिष्ठांनी कोल्हापुरातली कामं तिच्यावर सोपवली. "काकू, खोली आहे का? मी एकटीच आहे. सहा महिने तरी नक्की राहीन," ती म्हणाली. त्या घटकेला माझ्या दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. गाद्यांवर धुतलेल्या चादरी घातलेल्या होत्या. तरी मी नाही म्हणाले, कारण नवरात्राच्या नऊही रात्री संकेतस्थळावरून बुक झालेल्या होत्या आणि तिला ठेवलं असतं तर ती बुकिंग सोडावी लागली असती. पाणी पिताना ती म्हणाली, सकाळपासून चार घरं झाली, सगळीकडं यात्री निवासाच्याच पाट्या आहेत. मग बॅग उचलून ती उचगावच्या बाजूला खोली बघायला गेली. सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बेंच बसतं. माझ्या घरापासून ती तिथं रोज चालत गेली असती.

तिचा नंबरही मी घेतला नाही. ते मला लागून राहिलं आहे, आणि हे पत्र त्यातूनच निघालं आहे.

वीस-बावीस वर्षं आमच्या माडीवर विद्यार्थिनी राहत होत्या. शिवाजी विद्यापीठाच्या, नर्सिंगच्या, पुढं स्पर्धा परीक्षेच्या. दर जूनमध्ये नव्या यायच्या. त्यांच्या आया पहिल्या दिवशी स्टोव्ह, बादली आणि लोणच्याची बरणी घेऊन यायच्या आणि जाताना माझा हात धरून सांगायच्या, "पोरगीकडं लक्ष ठेवा हं वहिनी." 2019 च्या पुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्यावरून काय झालं असेल ते कोल्हापूरकराला सांगायला नको. आमच्या माडीवरच्या मुलींनी तेव्हा तालमीतल्या पोरांबरोबर आठ दिवस पोळ्या लाटल्या. त्या भाडेकरू होत्या, पण पेठेनं त्यांना पेठेतल्याच मानलं.

कोरोनात मुली गावी गेल्या आणि खोल्या दीड वर्ष बंद राहिल्या. मग जावईबापूंनी फोटो काढले, संकेतस्थळावर टाकले, आणि 2022 च्या नवरात्रात पहिले पाहुणे आले. सोलापूरकडचं कुटुंब, देवीच्या दर्शनाला. माणसं फार चांगली होती. मी पहाटे चहा दिला, त्यांनी जाताना माझ्या पाया पडून खणाची ओटी दिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. रात्रीपुरते येणारे पाहुणे म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं मुळीच नाही. अंबाबाईच्या गावात येणाऱ्याला पाठ टेकायला जागा देणं ही या पेठांची जुनी रीत आहे. पूर्वी पुजाऱ्यांच्या वाड्यांत भाविक उतरायचे, आता मोबाइलवरून उतरतात.

पण त्या मुलीला परत पाठवल्यावर मी एका रात्री वही घेऊन बसले. मागच्या ऑक्टोबरपासून बारा महिन्यांत दोन्ही खोल्या मिळून 131 रात्री भरल्या होत्या. सरासरी 1,300 रुपये धरले तर एक लाख सत्तर हजार. त्यातून संकेतस्थळाचं कमिशन, चादरी-टॉवेलांची धुलाई, झाडलोट करणाऱ्या मावशींचा पगार, वाढलेलं लाईट बिल, फुटलेला कमोड, तीनदा बदललेलं कुलूप हे सगळं वजा केलं तर हातात एक लाख तीन हजार राहिले. याच दोन खोल्या महिना 9,000 रुपयांनी मुलींना दिल्या असत्या, मेचा महिना रिकामा धरला, तरी 99,000 आले असते. मुली असताना जिन्यावर रात्री अकराला बॅगा आपटत नव्हत्या आणि "वॉशरूममध्ये गरम पाणी नाही" म्हणून पहाटे साडेतीनला फोनही येत नव्हता. वर्षाकाठी चार हजारांसाठी मी माझी माडी फिरवली होती. महाद्वार रोडच्या अंगाला ज्याची दहा खोल्यांची इमारत आहे, त्याचा हिशेब अर्थातच वेगळा. पण देवळापासून दहा-पंधरा मिनिटांवरच्या साध्या घरांचा हिशेब बहुतेक माझ्यासारखाच निघेल, असं मला वाटतं. आषाढ आणि भाद्रपदातल्या रिकाम्या रात्री कुणी मोजत नाही, नवरात्रातल्या भरलेल्या रात्री सगळ्यांच्या लक्षात राहतात.

मग माणसं भाडेकरू का ठेवत नाहीत? मी शेजारी-पाजारी विचारलं. पैशाचं कारण दोघांनीच सांगितलं. बाकी सगळे म्हणाले, "कूळ लागतंय हो. एकदा बसला की उठत नाही."

ही भीती हवेतून आलेली नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळचा एक भाडेकरू खालच्या सोप्यात महिना चाळीस रुपयांवर राहत होता. सासरे वारले, रुपयाची किंमत गेली, भाडं चाळीसच राहिलं. तो निघाला तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात असं पेठोपेठी झालं. जुने वाडे पडायला आले तरी मालकाला दुरुस्त करायला परवडेना आणि भाडेकरूला सोडवेना. त्या आठवणीवर आजही पुढची पिढी निर्णय घेते आहे. कायदा मात्र कधीच बदलला आहे, आणि तेच कुणाला सांगितलेलं नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24 प्रमाणं राहायला म्हणून दिलेल्या जागेचा लिव्ह ॲण्ड लायसन्स करार, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता राहण्याचा परवाना, संपला की जागा परत मिळण्याचा मालकाला हक्क आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं दिवाणी दाव्यात अडकायचं नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा. मुदत संपूनही जो खोली सोडत नाही, त्याला भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते. इतकं संरक्षण असताना आपण भितो, कारण आपण करारच नीट करत नाही. आपल्याकडं घरोघरी समज आहे की अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं. देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी एक वर्षाच्या आतल्या करारांना ती सवलत आहे, महाराष्ट्रात नाही. आपल्या कायद्याचं कलम 55 सांगतं की भाड्याचा किंवा लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की दोन महिन्यांचा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर कोणत्या अटींवर खोली दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. म्हणजे ज्या कागदानं आपलं रक्षण होतं, तोच टाळून आपण रात्री जागतो.

खर्च किती? 60 महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, त्यात अनामत रकमेवरचं 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. माझ्या 9,000 रुपयांच्या माडीला अकरा महिन्यांसाठी हे तीनशेच्या आत-बाहेर येतं. शहरात नोंदणी शुल्क 1,000 रुपये. हे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं, अंगठ्याचा ठसा आणि आधार लागतं. एजंटाची फी वेगळी, पण ती धरूनही कुठल्याही कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त. शिवाय आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या न दाखवता. माझ्या गल्लीत हे माहीत असलेला एकही माणूस मला भेटला नाही, आणि गेल्या वर्षापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

आता दुसरी बाजू. माझ्या रात्रीच्या पाहुण्यांची नोंद कुठं आहे? संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगवर जीएसटी लागतो. माझ्यासारख्या, वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान मालकाच्या वतीनं तो संकेतस्थळच भरतं. 22 सप्टेंबर 2025 पासून, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवसापासून, दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के झाला. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. म्हणजे दिल्लीला माझ्या प्रत्येक बुकिंगचा पत्ता आहे. पण त्याच रात्री माझ्या माडीवर सहा माणसं झोपली आहेत की सोळा, हे माझ्या बोळातल्या कुणाला माहीत नसतं. अग्निशमन दलाला माहीत नसतं, कचरा गोळा करणाऱ्याला नसतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची हे निदान सगळ्यांनी ऐकलेलं असतं. एका रात्रीच्या पाहुण्याचं आधार कार्ड मात्र माझ्या फोनच्या गॅलरीत नातवाच्या फोटोंच्या मध्ये पडलेलं असतं.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा मी आमच्या गॅलरीत उभी होते. शाहू महाराजांनी उभारलेलं ते नाट्यगृह आमच्या डोळ्यांदेखत जळालं. आभाळ लाल झालं होतं, राख आमच्या जिन्यावर पडत होती, आणि सगळी पेठ रस्त्यावर येऊन रडत होती. नाट्यगृहासमोर मोठा रस्ता आहे, मैदान आहे, बंब तिथवर पोहोचले. त्या रात्री माझ्या मनात आलं ते बोळांचं. आमच्या बोळात दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागं घ्यावी लागते. अशा बोळांत तीन मजली घरं आता यात्री निवास झाली आहेत. एकच जिना, खिडक्यांना जाळ्या, प्रत्येक खोलीत गिझर आणि पाच-सहा गाद्या, जिन्याखाली गॅसच्या टाक्या. आणि मालक त्या घरात राहत नाही. किल्ली कुलूपपेटीत ठेवलेली असते, तिचा आकडा व्हॉट्सॲपवर येतो. रात्री दोन वाजता धूर झाला तर मुलाबाळांना घेऊन आलेल्या त्या परगावच्या माणसाला बाहेर पडायची वाट कोण दाखवणार?

मला इथं एक रेष ओढायची आहे, आणि या पत्रातलं माझं मुख्य म्हणणं तेच आहे. खोली किती दिवसांसाठी दिली यावरून चांगलं-वाईट ठरवू नका. मालक तिथं राहतो का, एवढं आधी बघा. केंद्र सरकारची जी बेड ॲण्ड ब्रेकफास्ट योजना आहे, तिचा गाभा हाच आहे: मालक कुटुंबासह त्याच घरात राहिला पाहिजे, आणि सहाच्या वर खोल्या देता येत नाहीत. आपल्या राज्यातही पर्यटन विभागाकडं न्याहारी-निवासाची नोंदणी होते. खाली मालकीण राहते आणि वर चार भाविक उतरतात, त्या घरात पाहुण्यालाही आधार असतो आणि शेजाऱ्यालाही. जिथं सगळी इमारत रिकामी करून, जुन्या भाडेकरूंना काढून, प्रत्येक खोली रात्रीच्या दरानं लावलेली आहे, ते घर राहिलेलं नाही, तो लॉज आहे. लॉज चालवायला काहीच हरकत नाही. पण लॉजला जे नियम, तेच त्याला हवेत: अग्निसुरक्षेची तपासणी, दुसरा जिना, पार्किंग, व्यवसायाचा परवाना, त्याप्रमाणं घरफाळा. या दोघांना एकाच टोपलीत घातलं की कारवाई आली तर ती माझ्यासारखीवर येते, आणि सवलत आली तर ती त्याला मिळते.

बाहेरच्या शहरांनी यावर बरंच काही करून पाहिलं आहे. न्यूयॉर्कनं सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या भाड्याला नोंदणी सक्तीची केली. मालक त्याच घरात हवा आणि पाहुणे दोनच. लंडनमध्ये राहतं घर वर्षात 90 रात्रींपेक्षा जास्त असं द्यायचं तर वेगळी परवानगी लागते. बार्सिलोनानं तर जाहीर केलं आहे की तिथले दहा हजारांच्या वर पर्यटक फ्लॅटांचे परवाने 2028 अखेर संपवणार. कारण तिथल्या माणसांना तिथं भाड्यानं घर मिळेना. आपलं गाव तेवढं मोठं नाही, आपला रोग तेवढा वाढलेला नाही. बंदी घाला असं मी म्हणत नाही. नवरात्रात, किरणोत्सवात, जोतिबाच्या चैत्र यात्रेत येणारी माणसं हॉटेलांत मावणारीच नाहीत. पण नोंद आतापासून ठेवली तर पुढं बंदीची वेळ येणार नाही.

कारण गर्दी वाढणारच आहे. मे 2025 मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या 1,445 कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली, जोतिबासाठी 259 कोटींच्या. त्याच वर्षी सर्किट बेंच आलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले वकील, टायपिस्ट, कारकून आणि पक्षकार आता मुंबईऐवजी इथं येतात. बेंचसाठी या गावानं चाळीसेक वर्षं आंदोलनं केली, मोर्चे काढले, वकिलांनी कामं बंद ठेवली. ते मिळालं, आणि त्यासाठी आलेल्या मुलीला आमच्या पेठेत खोली मिळाली नाही. भाविक आणि वकील एकाच वेळी, त्याच जुन्या घरांच्या दारात उभे आहेत. भाविक रात्रीचे दोन हजार देतो, वकिलाची ज्युनिअर महिन्याचे पाच हजार. निवड नुसती मालकावर सोडली तर काय होतं ते मी माझ्यावरून सांगितलं.

याच्या मधली एक गरज तर कुणाच्याच लक्षात येत नाही. ती म्हणजे एक ते सहा महिन्यांची. सीपीआरमध्ये घरचं माणूस महिनाभर दाखल असतं आणि नातेवाईक आवारात सतरंजी टाकून झोपतात. चंदगड, गगनबावडा, राधानगरीहून आलेली माणसं रात्रीचे बाराशे कुठून देणार, आणि त्यांना अकरा महिन्यांचा करार काय कामाचा? मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंगला आलेले तंत्रज्ञ दोन-तीन महिने राहतात. प्रशिक्षणार्थी नर्स राहतात. 2021 च्या पुरानंतर आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाला घर वाळेपर्यंत अडीच महिने खोली हवी होती. पाच ठिकाणी "अकरा महिन्यांचं भाडं धरा" असंच सांगितलं गेलं. कायद्यात दोन महिन्यांच्या करारालाही जागा आहे, आपल्या सवयीत नाही. मालकाच्या दृष्टीनं हा सगळ्यांत चांगला भाडेकरू. रोज चादरी बदलाव्या लागत नाहीत, कमिशन नाही, मुदत ठरलेली, आणि कूळ लागायची भीतीही नाही. मी आता असंच करते आहे. एका खोलीत सीपीआरमधली एक परिचारिका नोंदवलेल्या करारानं राहते. दुसरी खोली भाविकांसाठी ठेवली आहे, पण पावसाळ्यात ती महिन्यानं देते. या जून-जुलैत तिथं कर्करोगाच्या उपचारांना आलेल्या एका बाईंचा मुलगा राहिला.

आयुक्त महोदय, भाडे कायदा राज्याचा, जीएसटी केंद्राचा, पर्यटन मुंबईचं, मग महापालिका काय करणार, असं आपण म्हणाल. पण घरफाळा, अग्निशमन, परवाना, कचरा, पार्किंग हे सगळं महापालिकेकडंच आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांत एक पानाचा अर्ज ठेवा: घर कुठलं, मालक तिथं राहतो का, किती खोल्या, किती माणसं झोपणार, जिने किती. त्यावर एक क्रमांक द्या आणि तो दारावर आणि संकेतस्थळावरच्या जाहिरातीत लावायला सांगा. राहत्या मालकाचं घर असेल तर शुल्क नाममात्र असू द्या आणि घरफाळा निवासीच ठेवा. तसं लेखी जाहीर करा, म्हणजे माणसं आपण होऊन पुढं येतील. आज पाटी लावायला माणूस भितो की उद्या दुप्पट फाळा येईल. मालक राहत नसलेल्या सगळ्या इमारतींची आधी अग्निसुरक्षेची पाहणी करा, अरुंद बोळांतल्यांपासून सुरुवात करून. नवरात्राच्या आधी करा.

महिन्यानं किंवा वर्षानं भाड्यानं देणाऱ्यासाठीही तेवढंच स्पष्ट बोला. भाडेकरू दाखवला की फाळा वाढतो, या भीतीनं लोक मुलींना "भाची आहे" म्हणून सांगायला लावतात. मीही सांगितलं आहे. त्या मुलींना मग पत्त्याचा पुरावा मिळत नाही, बँकेत खातं उघडत नाही. राहायला दिलेल्या खोलीचा नोंदवलेला करार जो दाखवेल, त्याला फाळ्यात थोडी सूट देता आली तर द्या. निदान शिक्षा होणार नाही एवढं बिलाच्या मागं मराठीत छापा. आठवड्यातून एक दिवस विभागीय कार्यालयात करार नोंदवायला मदत करणारं एक टेबल ठेवा. वकिलांची संघटना माणसं देईल, मला खात्री आहे. त्यांच्याच ज्युनिअरना खोल्या मिळत नाहीत. फ्लॅटवाल्यांसाठीही तिथं एक कागद असू दे. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर गृहनिर्माण सोसायटीला सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, हे 2001 पासून ठरलेलं आहे, तरी राजारामपुरी-ताराबाई पार्कात माणसं अजून त्यावरून भांडतात.

आता दोन शब्द माझ्या घरमालक भाऊ-बहिणींना. त्या दिवशी त्या मुलीला पाणी देताना मी तिला पहिलं काय विचारलं ते लिहायचं राहिलं. मी तिचं आडनाव विचारलं. मग गाव, मग "मांसाहार करता का", मग "एकटीच का". संकेतस्थळावरून येणाऱ्याला यातलं मी काहीही विचारत नाही. पैसे आले की किल्ली देते. एका रात्रीच्या अनोळखी माणसावर मी जेवढा विश्वास टाकते, तेवढा सहा महिने माझ्या डोळ्यांसमोर राहणार असलेल्या मुलीवर मला टाकता आला नाही. तुमच्यापैकी अनेकजण हेच करतात, मी ऐकलं आहे. ज्या गावात 1901 मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम विद्यार्थ्यांची वसतिगृहं निघाली, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभं राहिलं, ते हे गाव. खेड्यातल्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा नाही म्हणून त्याचं शिक्षण थांबतं, हे महाराजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्या वसतिगृहांच्या इमारतींवरून आपण रोज जातो. आपल्या माड्यांवर दोन-दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि दारात आलेल्या पोरीला आपण आडनाव विचारून पुढं पाठवतो. आता कुणी आलं तर मी आधार कार्ड घेते, करार करते, पोलीस ठाण्यात माहिती देते. एवढं पुरेसं असतं. परिचारिका येऊन आठ महिने झाले, तिच्या डब्यात काय असतं ते मी अजून पाहिलेलं नाही.

आयुक्त महोदय, आमच्या बोळात बारा घरं आहेत. त्यातल्या सात घरांत माडी किंवा खोली भाड्यानं जाते, पाच घरांत भाविकांना आणि दोन घरांत महिन्याच्या भाड्यानं. पैकी दोन घरांत मालक राहत नाहीत, पण त्यांचे फोन नंबर माझ्याकडं आहेत. आपण अर्जाचा नमुना ठरवा. साताही घरांची माहिती मी भरून घेईन आणि गांधी मैदान कार्यालयात आणून देईन. बोळाची रुंदी मोजून ठेवली आहे: सर्वांत अरुंद ठिकाणी साडेपाच फूट.

आपली नम्र,
मंगळवार पेठेतली एक घरमालकीण